यंत्र कुठं येतं आणि कुठं येत नाही

आपल्या शिबिरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. वक्ता टेबलावर मूठ आपटून सांगतो, "पोरांनो, शिका. मशीन चालवायला शिका. कॉम्प्युटर शिका. मशीनला जात नसते." टाळ्या पडतात.

दुसऱ्या शिबिरात दुसरा वक्ता. तो म्हणतो, "मशीन हे भांडवलदाराचं हत्यार. शिक्षण म्हणजे कारकून पाडायचा साचा. दोन्हीवर थुंका." टाळ्या इथंही पडतात.

दोस्तांनो, मला ह्या दोन्ही वाक्यांशी भांडायचंय. शांतपणे भांडायचंय, कारण दोन्ही वक्ते आपलेच आहेत.

मी कशेळ्याचा. कर्जतहून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. कामाला खालापूरच्या बाजूला एका रोलिंग मिलमध्ये. भट्टीतनं लालभडक लोखंड बाहेर येतं, ते सांडशीनं धरून रोलरच्या तोंडात द्यायचं, असलं काम. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काय वाचलं ते विहारातल्या कपाटातनं, पाळी संपल्यावर. तेव्हा पदवीवाल्यांनी शब्दाला शब्द लावून पाहू नये. मुद्दा पटतो का तेवढं बघावं.

पहिलं वाक्य घेऊ. मशीनला जात नसते. खरंय, लोखंडाला जात नसते. विजेची तार बामणाला आणि महाराला सारखाच झटका देते. पण मशीन आभाळातनं पडत नाही. ते कुणीतरी विकत घेतं, कुठंतरी बसवतं, त्याच्यापुढं कुणालातरी उभं करतं आणि कुणालातरी हाकलतं. जात तिथं येते.

मुंबईच्या कापड गिरणीतल्या धोट्याची गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. तरी सांगतो, कारण ती नीट समजून घेतली पाहिजे. जुन्या मागावर धोटा इकडून तिकडं धावायचा. त्याच्या पोटात कांडी, कांडीवर सूत. सूत संपलं की नवी कांडी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातनं बाहेर काढायचं. कसं? भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, सूत ओठांत येतं. एकाच धोट्याला पाळीपाळीनं वेगवेगळी तोंडं लागायची. झालं. स्पृश्य कामगार म्हणाले, अस्पृश्याच्या थुंकीनं बाटलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. म्हणून विणकाम खात्याचा, म्हणजे साळखात्याचा, दरवाजा आपल्यासाठी बंद. आपण कुठं? रिंग खात्यात, जिथं पगार कमी.

१९२८ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार. लाल बावट्याचे पुढारी मागण्यांची यादी घेऊन उभे होते. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे ही मागणी तुमच्या यादीत कुठंय? ती घालणार नसाल तर माझ्या माणसांना संपात जाऊ नका म्हणून सांगीन. पुढाऱ्यांनी नाराजीनं का होईना ती मागणी घातली. आणि मालकांनी काय उत्तर दिलं? की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

बघा हं. मालक म्हणतो मी नाही. कामगार म्हणतो मी नाही, धर्म आहे. धोटा तर मुकाच. सगळे हात झटकून मोकळे, आणि आपला माणूस कमी पगारावर तिथंच.

आता ह्या गोष्टीची दुसरी बाजू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ सालीच तोंडानं सूत ओढायचा धोटा कायद्यानं बंद केला होता. कारण त्यानं रोग पसरतात. हातानं सूत ओवता येईल असा धोटा जगात तयार होता. म्हणजे १९२८ साली मुंबईत अडचण धोट्याची नव्हती. धोटा बदलता आला असता. तो अस्पृश्यांसाठी बदलावा असं ना मालकाला वाटलं ना शेजारच्या मागावरच्या कामगाराला. तिकडं तोंडाला धोटा लागतो ही आरोग्याची गोष्ट झाली, इकडं ती विटाळाची झाली. वस्तू तीच, सवय तीच, पण एका ठिकाणी माणसं वस्तू बदलतात आणि दुसऱ्या ठिकाणी माणूसच बाजूला काढतात.

दुसरी गोष्ट आमच्या मुलखातली. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. दोन्ही टाटांची. घाटमाथ्यावर धरणं बांधून पाणी अडवलं, लोखंडी नळांतनं दीड हजार फुटांहून खाली कोसळवलं, त्यावर चाकं फिरवली. इंजिनेरीचं काम म्हणून मोठंच. ही वीज कुणासाठी होती? मुंबईच्या गिरण्यांसाठी. आमच्या रानातनं लोखंडी मनोरे गेले, मनोऱ्यांवरनं तारा गेल्या, तारांतनं वीज गेली. खाली वाडीत चिमणी पेटत होती. गिरण्यांत विजेवर माग फिरू लागल्यावर कित्येक दशकांनी आमच्या वाड्यांत खांब आले.

माझा आजा ह्याच तारांच्या खालून चालत गेला, कर्जतला गाडीत बसला आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राहिला. रिंग खात्यात. त्याच्या गावाजवळचंच पाणी तिथं चाक फिरवत होतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. तो शाळेत गेलाच नव्हता.

पाण्याचंही बघा. भिवपुरीच्या वीजघरातनं सुटलेलं पाणी पेज नदीला मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात होतं. ज्याची जमीन कालव्याच्या अंगाला, त्याला दोन पिकं. ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या उंचावर, डोंगराच्या पोटाला. पाणी वर चढत नाही. चढवायला पंप लागतो, पंपाला पैसा लागतो, आणि पैसा कुणासाठी खर्च करायचा हे पंचायतीत आणि कचेरीत ठरतं. म्हणून वाडीतल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरतात. त्यांना खालचं हिरवं भात दिसतं. यंत्र आहे, पाणी आहे, वीज आहे. त्यांच्यापर्यंत ते येत नाही एवढंच.

आता तिसरी, सगळ्यांत घाणेरडी गोष्ट. गटार. मैला उपसायला माणूस लावू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली त्याहून कडक कायदा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ सालच्या ऑक्टोबरात कोर्टानं ते तीस लाख केले. म्हणजे कायदे झाल्यावरही माणसं उतरत राहिली आणि गुदमरून मरत राहिली. त्याच २०२३ सालच्या २३ ऑगस्टला आपल्या देशाचं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं होतं. गटार साफ करायचं यंत्र चंद्रयानापेक्षा अवघड आहे का? नाही. ते बाजारात मिळतं. मग ते गल्लीबोळांत का पोचत नाही? कारण उतरणारा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. आणि तो स्वस्त का पडतो? कारण त्याच्या जातीला हजारो वर्षं दुसरं काही करूच दिलं नाही. तो "नाही" म्हणाला तर त्याच्या घरात संध्याकाळी चूल पेटत नाही, आणि हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं.

माझ्या मिलचंही तेच. आमच्या गेटावर एक यंत्र आलं. अंगठा ठेवायचा, वेळ उमटते. सकाळी पाच मिनिटं उशीर झाला तर ते लगेच ओळखतं. पण भट्टीपाशी, जिथं लाल लोखंड सांडशीनं पकडताना माणसं भाजतात, तिथं यंत्र आलं नाही. तसं काम करणारी यंत्रं आहेत, मोठ्या कारखान्यांत ती चालतात. आमच्याकडं नाहीत, कारण परगावचा माणूस ठेकेदाराकडं रांग लावून उभा आहे. आणखी एक. येण्याची वेळ यंत्र लिहितं. जाण्याची वेळ ठेकेदाराचा माणूस वहीत लिहितो. बारा तास काम होतं, वहीत आठच.

रेशनवर तसंच. धान्य द्यायला अंगठ्याचं यंत्र आलं. माझ्या आजीनं जन्मभर भाताची लावणी केली, गवत कापलं, विटा उचलल्या. तिच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या. यंत्र म्हणतं, ही बाई ती नव्हेच. सगळं आयुष्य जिनं कागदावर अंगठाच दिला, तिचा अंगठाच आता चालत नाही. तिला कामानं झिजवलं, आणि झिजली म्हणून धान्याला अडवलं. चोर पकडायला यंत्र आणलं म्हणतात. मला एवढंच विचारायचंय, ते गरिबाच्या बोटावरच का बसवलं? गोदामाच्या दारावर, ट्रकच्या पाट्यावर, कंत्राटाच्या फाइलीवर त्याची नजर एवढीच बारीक असते का?

ह्या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्यावर मला एक नियम दिसतो. चुकत असेन तर सांगा.

जिथं माणूस "नाही" म्हणू शकतो, तिथं मालकाला त्याच्या जागी यंत्र आणावं लागतं, नाहीतर त्याचं काम सोपं करावं लागतं. जिथं माणूस "नाही" म्हणूच शकत नाही, तिथं यंत्र येत नाही. आलंच तर ते त्याच्यावर पहारा द्यायला येतं.

हे मान्य केलं तर शिक्षणाकडं बघायची नजर बदलते. मग शिक्षण म्हणजे बटण दाबता येणं नव्हे. एमएससीआयटीचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगणं नव्हे. ती शिकावीत, जरूर शिकावीत, पोट भरायला लागतात. पण आपल्या चळवळीनं ज्याला शिक्षण म्हटलं ते "नाही" म्हणायची ताकद देणारं शिक्षण.

जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात ते सरकारला काय सांगत होते? सरकारचा पैसा येतो शूद्र शेतकऱ्याच्या घामातनं आणि जातो वरच्यांच्या पोरांच्या उच्च शिक्षणावर. पहिल्यांदा खेड्यातल्या पोरांना शिकवा, बारा वर्षांपर्यंत सक्तीनं शिकवा. हा नुसता शाळा काढायचा अर्ज नव्हता. पैसा कुठून निघतो आणि कुठं पोचतो हा हिशेब होता. आजच्या भाषेत बोलायचं तर तार कुठून कुठं गेलीय हे जोतीबांनी दाखवलं.

बाबासाहेबांनी महाडला १९२७ च्या मार्चमध्ये, आपल्याच जिल्ह्यात, लोकांना काय सांगितलं? तळ्याचं पाणी घ्या हे तर खरंच. पण त्याच वेळी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका. म्हणजे "नाही" म्हणा. गावाचं फुकटचं यंत्र म्हणून जगू नका. त्या दिवसापर्यंत मेलेलं ढोर ओढायची सोय गावाला करावीच लागत नव्हती. महार हीच सोय होती. महारानं दोर खाली ठेवला तेव्हा गावाला पहिल्यांदा विचार करावा लागला, हे काम आता कसं होणार?

गांधीजी चरखा सांगत होते तेव्हा बाबासाहेब यंत्राच्या बाजूनं उभे राहिले. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं ह्या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की यंत्र नसेल तर माणसाला जनावरासारखं राबावं लागतं. त्याला फुरसत मिळत नाही, आणि फुरसत नसेल तर वाचणं, विचार करणं, संस्कृती हे सगळं थोड्यांचंच राहतं. यंत्राचा फायदा सगळ्यांना मिळत नसेल तर यंत्राला शिव्या देऊ नका, समाजाची घडी बदला. म्हणून जे दोस्त म्हणतात यंत्रावर थुंका, त्यांना मी सांगतो, फुरसत नसलेल्या माणसाला ते सांगू नका. बारा तास सांडशी धरून आल्यावर मला पुस्तकाचं पान दिसत नाही, अक्षरं लाल होतात. माझ्या जागी उद्या यंत्र आलं आणि मला आठ तासांचं दुसरं काम मिळालं तर मी त्या यंत्राला हार घालीन.

आणि नुसतं पुस्तकात लिहून ते थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्याचे तास आठवड्याला ४८ वर आणायचा कायदा त्यांच्याच खात्यातनं आला. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. ह्या दोन गोष्टी एकमेकांना जोडून वाचा. तास कमी करणं आणि कॉलेज सकाळी भरवणं. एका बाजूनं वेळ सोडवून घेतला, दुसऱ्या बाजूनं त्या वेळेत शिकायची जागा उभी केली.

इथं कुणीतरी मला अडवणार, आणि अडवलंच पाहिजे. तो म्हणेल, लेका, "नाही" म्हणणं एवढं सोपं असतं तर कातकरी केव्हाच म्हणाला असता. पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीवाल्याची उचल घेतो. दिवाळी झाली की बायकापोरांसकट भट्टीवर. पोराचं नाव शाळेच्या पटावर, पोर मातीच्या ढिगावर. त्याला तू जोतीबा वाचून दाखवणार का?

बरोबर आहे. उपाशी पोटाला "नाही" म्हणता येत नाही. म्हणूनच शिक्षण एकट्यानं पुरत नाही. ह्याचा दाखला आमच्याच गावात आहे. कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स नावाच्या संस्थेनं आसपासच्या आदिवासी वाड्यांत धान्यबँका उभ्या केल्या. पद्धत साधी. पीक आल्यावर भात एकत्र साठवायचं. पावसाळ्यात ज्याला लागेल त्यानं उसनं न्यायचं, सुगीला थोड्या वाढीनं परत करायचं. वही वाडीची, भात वाडीचं. ह्याच्यात विजेवर चालणारं काही नाही. कणगी आणि वही. पण मी ह्याला यंत्रच म्हणतो. कारण ते सावकाराच्या दीडपट-दुपटीच्या यंत्राच्या जागी बसतं. घरात चार पायल्या भात असेल तर माणूस उचल नाकारू शकतो, निदान घासाघीस तरी करू शकतो. आणि वही चालवायला कुणीतरी शिकलेला लागतोच. कणगी भरलेली आणि वही दुसऱ्याच्या हातात, तर परत तोच सावकार.

आमच्या तालुक्यात हे त्याच्याही आधी एका माणसाला कळलं होतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे, नाभिक समाजात जन्मलेले, वकील झालेले. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणतात. त्यांनी खेड्यांतनं शाळा काढल्या, सावकारी मोडायला धान्याची कोठारं उभी केली. १९४२ साली त्यांच्या दस्त्यानं वीज नेणारे मनोरे पाडले. मुंबईकडं जाणारी वीज तोडली. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीनं ते आणि हिराजी पाटील मारले गेले. दरवर्षी तिथं हार पडतात, भाषणं होतात. मला त्यांच्या कामाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी शाळा, मग धान्य, मग मनोरा. ज्यानं शाळा काढल्या तो यंत्राचा वैरी नव्हता. पण ही तार कुणाचं राज्य चालवते हे त्याला कळत होतं, म्हणून घाव कुठं घालायचा तेही कळलं. आपल्या डोक्यावरनं काय जातंय हे ओळखणं, हे शिक्षण.

आणखी एक अडवणूक, ही जास्त अवघड. कुणी म्हणेल, गिरणी कामगारानं "नाही" म्हटलंच होतं की. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागं संपावर गेले. काय झालं? कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं, गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. माझा आजा कशेळ्याला परत आला तो कायमचा. म्हणजे तुझा नियम उलटा फिरतो. "नाही" म्हणणाऱ्याच्या जागी यंत्र येतं आणि तो रस्त्यावर येतो.

ह्याला माझ्याकडं गुळगुळीत उत्तर नाही. आजा मरेपर्यंत म्हणायचा, "संप हरला, पण आमी चुकलो न्हाय." मला वाटतं, तो संप आपल्याला पुढची पायरी दाखवतो. "नाही" म्हणता येणं पहिली पायरी. यंत्र कुणाच्या मालकीचं, जमीन कुणाच्या मालकीची, हा प्रश्न दुसरी पायरी. बाबासाहेबांनी १९४७ साली स्टेट्स अँड मायनॉरिटीज लिहून घटनासभेपुढं ठेवलं तेव्हा हेच मांडलं, की मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, शेती सरकारी उद्योग असावा. ते घटनेत आलं नाही. मग एक माणूस, एक मत मिळालं, आणि यंत्र होतं त्यांच्याकडंच राहिलं. गिरणी कामगाराकडं एकजूट होती, माग नव्हता, जमीन नव्हती. म्हणून त्याचं "नाही" फार काळ तग धरू शकलं नाही. ह्यावरून "नाही" म्हणू नये असं ठरत नाही. ते म्हणून झाल्यावर काय हातात हवं, ते ठरतं.

आता आपल्यातल्या शिकलेल्यांकडं येतो. बाबासाहेब १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बोलले. शिकलेल्या माणसांनी दगा दिला असं ते दुःखानं म्हणाले. आपण हे सारखं सांगतो आणि दुसऱ्या कुणावर तरी बोट रोखतो. पण आजचा दगा कसा असतो ते बघा. आपला एखादा पोरगा इंजिनेर होतो. नगरपालिकेत गटाराच्या कंत्राटाचा कागद त्याच्या टेबलावर येतो. त्यात यंत्र लिहिलेलं असतं, आणि त्याला माहीत असतं की उतरणार माणूस. तो सही करतो. दुसरा कॉम्प्युटर शिकतो, हजेरीचा प्रोग्राम बनवतो. त्यात येण्याची वेळ यंत्र घेईल आणि जाण्याची वेळ साहेब भरील, अशी सोय ठेवायला सांगतात. तो ठेवतो. दोघांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. मी त्यांना शिव्या देत नाही. त्यांनाही नोकरी आहे, कर्ज आहे, म्हातारी आई आहे. पण त्यांना "नाही" म्हणता आलं नाही तर शिकून त्यांचं काय झालं? कातकऱ्याला उचल बांधते, ह्यांना हप्ता बांधतो. त्याला निदान कुणी साहेब म्हणत नाही.

म्हणून आपल्या कामाबद्दल माझं म्हणणं असं आहे. वर्ग चालवा. कॉम्प्युटर शिकवा, इंग्रजी शिकवा. पण प्रत्येक वर्गात पोरांना आपल्या गावातलं एक यंत्र निवडायला सांगा. हजेरीचं, रेशनचं, पाण्याचा पंप, मोबाईलचा टॉवर, कुठलंही. हे कुणी बसवलं, पैसा कुणाचा, चालवतं कोण, बिघडलं तर कुणाचं अडतं, आणि कुठं बसायला हवं होतं पण बसलं नाही, एवढं त्यांनी शोधून वहीत लिहावं. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि धडे मोबाईलवर आले तेव्हा कुठल्या वाडीत मोबाईल होता, कुठल्या वाडीत टॉवरची रेंज होती, कुणाचं पोर त्या काळात शाळेतनं कायमचं गेलं, ह्याची यादी आपल्यापैकी कुणाकडं आहे? सरकारकडं मागायच्या आधी आपण करायला पाहिजे.

मिलमध्ये आम्ही सात जणांनी एक सुरुवात केली आहे. प्रत्येकानं शंभर पानी वही घेतली. रोज गेटातनं बाहेर पडल्यावर खरी वेळ लिहायची, शेजारच्यानं त्याखाली सही करायची. दोघांना लिहिता येत नव्हतं, त्यांना आकडे आणि सही शिकवली. अजून ठेकेदाराला दाखवलं नाही. सहा महिन्यांच्या वह्या भरू द्या, मग सगळे मिळून नेणार. काढून टाकतील का? टाकतील कदाचित. तेव्हा काय करायचं, घरात किती दिवसांचा तांदूळ असायला हवा, कुणाकडनं किती वर्गणी, हे आम्ही आत्ताच बोलतोय. कणगी आधी, वही बरोबर, आणि मग तोंड उघडायचं, असं ठरलंय.

तुमच्या गावात, कारखान्यात, वस्तीत असं कुणी करत असेल तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. माझा नियम जिथं तुटतो तेही लिहा. जिथं माणूस "नाही" म्हणाला नाही तरी त्याच्या भल्याचं यंत्र आपणहून आलं, असं एक तरी ठिकाण मला बघायचंय. मी पुष्कळ शोधलं, अजून सापडलेलं नाही.

जयभीम.